डेस्कटॉप अचानक चालू होईना: मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी वीज कुठे अडली ते बघा

ताई, आधी तुमची अडचण मला कळली तशी मांडतो, कुठे चुकत असेन तर सांगा. नाशिकमध्ये सातपूरला घरी 2019 मध्ये घेतलेला असेंबल्ड डेस्कटॉप आहे, आठव्या पिढीचा आय-थ्री, आणि मिस्टरांच्या अंबडच्या वर्कशॉपचं सगळं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) त्यावर. परवा रात्री पावसात लाईट दोन-तीनदा गेली-आली. तुम्ही मशीन नीट शटडाउन करून झोपलात, पण भिंतीवरचं बटण चालूच होतं. सकाळी पॉवर बटण दाबलं तर पंखा नाही, दिवा नाही, साधी टिकसुद्धा नाही. ओळखीच्या दुकानदाराने फोनवर ऐकूनच सांगितलं की मदरबोर्ड गेला, बोर्ड आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) मिळून अकरा हजार होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. आणि वीस तारखेच्या आत जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं आहे.

मी सिडकोत बरीच वर्षं हेच काम करतो. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक मशीनचा, दुसरा टॅलीच्या डेटाचा. डेटाची घाई आहे म्हणून माणूस मशीनचा निर्णयही घाईत घेतो आणि तिथेच पैसे जातात. म्हणून डेटाचं आधी सांगतो.

बोर्ड किंवा एसएमपीएस गेला म्हणून डिस्कवरचा डेटा जात नाही. व्होल्टेजच्या फटक्यात डिस्कही सोबत गेली असं क्वचित होतं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत निघते. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून हार्ड डिस्क किंवा एसएसडी बाहेर काढायची, साटा ते यूएसबी अशी केबल किंवा केस मिळते ती लावायची आणि घरातल्या कुठल्याही लॅपटॉपला जोडायची. साडेतीन इंची मोठी हार्ड डिस्क असेल तर वेगळा अडॅप्टर असलेलीच केबल घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. टॅलीप्राइमचा डेटा तुम्ही जागा बदलली नसेल तर त्या डिस्कवरच्या (लॅपटॉपच्या नव्हे) सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो. आत प्रत्येक कंपनीचा आकड्यांचं नाव असलेला फोल्डर दिसेल. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन तुमच्या सीएंकडे द्या. त्यांची टॅली तुमच्याइतकी किंवा त्याहून नवी असली की उघडेल. कॉपीच द्या, मूळ फोल्डर हलवू नका, कारण नव्या आवृत्तीत एकदा डेटा उघडून बदलून घेतला की जुन्या आवृत्तीत तो परत उघडत नाही. घरच्या लॅपटॉपवर विनापरवाना टॅली टाकलीत तर ती शैक्षणिक मोडमध्ये उघडते. तिथे आकडे बघता येतात, पण नव्या नोंदी महिन्याच्या ठराविक तारखांनाच घेते.

लॅपटॉपने डिस्क उघडायला 48 आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. याचा अर्थ ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे आणि ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे. 3बी या वाटेने निघून जाईल. आता मशीनकडे निवांत बघता येईल.

तुमचं मशीन पूर्ण गप्प आहे ही माझ्या दृष्टीने बरी गोष्ट आहे. अर्धवट चालणारं मशीन जास्त डोकं खातं. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, असं असेल तर रॅम, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरची केबल, बायोस (बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्राम), प्रोसेसर असा कोणीही गुन्हेगार असू शकतो. तिथे रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत बसवणं, एकेक रॅम वेगवेगळ्या खाचेत लावून बघणं, हेच आधी करतात आणि निम्म्या केसेस त्यातच सुटतात. पण खराब रॅममुळे सहसा पंखा फिरायचा थांबत नाही. विंडोज बिघडल्यामुळेही नाही, व्हायरसमुळेही नाही, डिस्क गेली म्हणूनही नाही. बटण दाबल्यावर क्षणभरही हालचाल होत नाही याचा अर्थ वीज वाटेत कुठेतरी अडली आहे, किंवा कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे एसएमपीएस ती पुढे सोडत नाहीये. मग काम एवढंच उरतं की भिंतीपासून सुरुवात करून एकेक टप्पा आत जायचं आणि वीज कुठपर्यंत पोहोचते ते बघायचं. मदरबोर्ड हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. पहिल्याच वाक्यात, तेही फोनवर, त्याचं नाव घेणाऱ्याने तपासलेलं काही नाही.

भिंतीचं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस या तिघांना आधी निर्दोष ठरवा. मोबाइलचा चार्जर लावून बघणं पुरेसं नाही, चार्जरला वीज लागतेच किती. टेबल लॅम्प किंवा इस्त्री त्याच सॉकेटला लावून बघा. (इस्त्री यूपीएसला मात्र लावू नका, तो तिथेच मान टाकेल.) यूपीएस असेल तर त्याच्यावर माझा पहिला संशय असतो. घरगुती 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत थकते, आणि काही यूपीएस थकलेल्या बॅटरीवर लाईट आल्यानंतरही आउटपुट देत नाहीत. वर हिरवा दिवा लागलेला असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. यूपीएस बाजूला ठेवा आणि कॅबिनेटची केबल थेट भिंतीला लावून बघा. केबलही बदला. कॅबिनेटची आणि मॉनिटरची पॉवर केबल सहसा एकच असते, मॉनिटर चालतोय तर त्याची केबल काढून कॅबिनेटला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचं छोटं काळं बटण असतं, त्याची रेघेची बाजू दाबलेली हवी, गोलाची नाही. हसू नका. दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये दरवर्षी काही याच बटणाची असतात. जुन्या एसएमपीएसला त्याच्याच बाजूला 115 आणि 230 असं लिहिलेलं लाल सरकतं बटण असायचं. ते पुसताना 115 वर गेलं की पुढे फटाका ठरलेला.

हे सगळं ठीक असेल तर भिंतीची केबल काढून टाका आणि केबल काढलेली असताना पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. मग पाच-दहा मिनिटं थांबून केबल लावा आणि बटण दाबा. याला काही लोक टोटका समजतात, पण त्यामागे कारण आहे. व्होल्टेजचा झटका किंवा शॉर्ट जाणवला की एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून बसतो, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. बटण दाबून धरल्यावर तो उरलेला चार्ज निघून जातो. लाईट गेली-आली अशा रात्रीनंतर बंद पडलेली बरीच मशीन एवढ्यावर उठतात. तुमचं उठलं तर पैसे वाचले, पण अर्थिंगचं पुढे लिहिलंय ते तरीही वाचा.

नाही उठलं तर एक चौकशी करा. त्याच रात्री शेजाऱ्यांचं काही गेलं का? टीव्ही, फ्रिज, वायफायचा राउटर? डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो आणि आपल्या घरात त्यातली एक फेज येते, 230 व्होल्टची. वाऱ्यापावसात न्यूट्रल तुटला किंवा त्याचा जोड सैल झाला तर दोन फेजमधलं 400 च्या आसपासचं व्होल्टेज वेगवेगळ्या घरांमध्ये विभागलं जातं, आणि ज्या फेजवर त्या वेळी लोड कमी असतो तिथल्या घरांच्या वाट्याला जास्त येतं. रात्री दिवे एकदम लख्ख झाले आणि मग गेले, असं कोणी सांगितलं तर प्रकार हाच. यात एसएमपीएसच्या तोंडाशी बसवलेला व्हॅरिस्टर, निळी चपटी चकती असते ती, स्वतः फुटतो आणि सोबतचा फ्यूज उडवतो. तो त्यासाठीच बसवलेला असतो. एसएमपीएस जातो, मागचं सगळं वाचतं. असं झालं असेल तर महावितरणला तक्रार नोंदवा, कारण न्यूट्रल दुरुस्त न होता नवा एसएमपीएस लावलात तर तोही जाईल.

शेजाऱ्यांचं काही गेलं नसेल तर मला दुसरी शक्यता जास्त वाटते. तुम्ही शटडाउन करता तेव्हा एसएमपीएस पूर्ण बंद होत नाही. भिंतीवरचं बटण चालू असेल तर आतला एक छोटा भाग रात्रंदिवस 5 व्होल्ट देत राहतो. यालाच स्टँडबाय म्हणतात. पॉवर बटणाचा हुकूम बोर्डाला कळतो तो याच वीजेवर. म्हणजे मशीन दिवसाला चार तास वापरलं तरी हा भाग चोवीस तास राबतो, तोही गरम कोपऱ्यात. त्यातले कपॅसिटर वर्षागणिक सुकत जातात. सुकलेला कपॅसिटर गरम आहे तोवर कसंबसं काम ओढतो. लाईट जाऊन तो थंड पडला की पुन्हा सुरू व्हायला लागणारी ताकद त्याच्यात उरलेली नसते. म्हणून लोक म्हणतात काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालू होता. होताच. मागचे काही महिने सकाळी बटण दोन-तीनदा दाबावं लागायचं का, हे आठवून बघा. लागत असेल तर माझा अंदाज आणखी पक्का होतो.

अंदाजावर वस्तू विकत घ्यायची नाही, मोजायची. साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशेत मिळतो, एम. जी. रोडला किंवा इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात. हात लावायची भीती वाटत असेल तर हा भाग मिस्टरांना किंवा वर्कशॉपच्या वायरमनला दाखवा, त्यांना दोन मिनिटांत कळेल. एकच सक्त सूचना: एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं, काही एसएमपीएसमध्ये त्याहून जास्त, आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकतं. आपण मोजणार ते डब्याबाहेर येणाऱ्या तारांवर. तिथे 12 व्होल्टच्या वर काही नाही.

बोर्डात घुसलेला सगळ्यात रुंद कनेक्टर 24 पिनांचा असतो. तो न काढता, केबल लावून भिंतीचं बटण चालू ठेवून, मीटर डीसी 20 व्होल्टवर करा. मीटरची काळी टोकणी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला किंवा कुठल्याही काळ्या तारेला. लाल टोकणी कनेक्टरच्या मागून, जिथे तार आत जाते तिथे, जांभळ्या तारेच्या भोकात हलकेच सरकवा. जांभळी म्हणजे स्टँडबाय. इथे 4.75 ते 5.25 यांच्यामधलं काहीतरी यायला हवं.

शून्य आलं, किंवा सव्वाचार वगैरे आलं, किंवा आकडा नाचत राहिला, तर भिंतीचं बटण बंद करून कनेक्टर बोर्डातून काढा आणि बटण चालू करून पुन्हा मोजा. काढल्यावरही शून्यच असेल तर एसएमपीएस मेलाय, वाद संपला. काढल्यावर व्यवस्थित 5 आलं तर एसएमपीएस बहुधा बरा आहे आणि बोर्डावर किंवा बोर्डाला जोडलेल्या कशात तरी शॉर्ट आहे. त्याचं पुढे सांगतो.

जांभळीवर 5 व्होल्ट ठीक मिळालं तर आता हिरवी तार. ती एकच असते, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. मशीन बंद असताना हिरवीवर तीन ते पाच व्होल्ट दिसेल. टोकणी तिथेच ठेवून कोणाला तरी पॉवर बटण दाबायला सांगा. आकडा झपकन शून्याजवळ यायला हवा. बोर्ड ही तार खाली ओढतो म्हणजे एसएमपीएसला सांगतो की चालू हो. आकडा खाली आला आणि तरी पंखा हलला नाही, तर बोर्डाने त्याचं काम केलंय, एसएमपीएस ऐकत नाहीये. आकडा खाली आलाच नाही, तर हुकूमच सुटलेला नाही. मग दोष पॉवर बटणात, त्याच्या तारेत किंवा बोर्डात. या दोन तारांनी मदरबोर्ड की एसएमपीएस हा प्रश्न बहुतेक सुटतो, आणि ज्याच्या दुकानात हे मोजत नाहीत तिथे मी तरी माझं मशीन देणार नाही.

तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतील तर रंग शोधत बसू नका. कनेक्टरला ज्या बाजूला अडकवायची क्लिप असते त्या बाजूच्या ओळीत एक भोक रिकामं असतं. त्या रिकाम्या भोकापासून ओळीची जी बाजू लांब आहे तिकडे मोजत जा. चौथी तार म्हणजे हिरवी. बोर्डातून काढलेल्या कनेक्टरवर ही तार आणि तिच्या शेजारची काळी वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडली की एसएमपीएस एकटाच चालू होतो. तो पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं मात्र धरू नका. बिनकामाचा पंखा फिरवायला ताकद लागत नाही, लोड आल्यावर तोच एसएमपीएस बसतो. उलट काही चांगल्या एसएमपीएसचे पंखे गरम होईपर्यंत फिरतच नाहीत. म्हणून क्लिप लावून पिवळ्या तारेवर मोजा, 11.4 ते 12.6 यायला हवं, लालवर 5 आणि केशरीवर 3.3 च्या जवळ.

हिरवी खाली येत नसेल तर आधी पॉवर बटणावरच शंका घ्या. असेंबल्ड कॅबिनेटचं ते बटण अगदी हलकं असतं. बोर्डाच्या कोपऱ्यात, बहुधा खाली उजवीकडे, पिनांचा छोटा पुंजका असतो आणि त्यावर बारीक तारा खोचलेल्या असतात. त्यातल्या ज्या जोडीवर पॉवर स्विच असं इंग्रजीत लिहिलंय ती काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. मशीन सुरू झालं तर बटण गेलंय. ते शोधत बसू नका, रीसेटच्या बटणाची तार काढून या दोन पिनांवर लावा. आजपासून रीसेटचं बटण तुमचं पॉवर बटण. खर्च शून्य. माझ्या एका गिऱ्हाइकाचं मशीन बरीच वर्षं असंच चालतंय आणि त्यांनी नवं बटण बसवायला कधी दिलं नाही.

आता शॉर्टचं. भिंतीची केबल काढा आणि मग मशीनला जोडलेलं सगळं काढा, किबोर्ड, माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, मॉनिटरची केबलसुद्धा. तुमच्या आय-थ्रीत ग्राफिक्स आतच असेल, म्हणजे वेगळं कार्ड असेल तर तेही काढता येईल. समोरच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून नीट बघा. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदारांचं मशीन माझ्याकडे असंच पूर्ण गप्प होऊन आलं होतं, आधीच्या दुकानात बोर्ड गेला असा निकाल लागलेला. समोरच्या पोर्टमधली काळी प्लास्टिकची जीभ तुटली होती आणि आतल्या चार पट्ट्यांपैकी एक वाकून पोर्टच्या पत्र्याला टेकली होती. समोरच्या यूएसबीची तार बोर्डावरून काढताच मशीन पहिल्या दाबात उठलं. यूएसबीलाही याच स्टँडबायवरून 5 व्होल्ट मिळतं, ते जमिनीला टेकलं की जांभळी बसते आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर पावसाळ्यातले पाहुणेही बघा. एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत जाते कारण आत उबदार असतं. झुरळं, मुंग्यांची वारुळं, उंदराने कुरतडलेल्या तारा हे मी सगळं पाहिलंय. जळका वास, बोर्डावर फुगलेले किंवा डोक्यावर फुटलेले कपॅसिटर, हिरवट पांढरा गंज दिसला तर फोटो काढून ठेवा. ब्रशने कोरडी धूळ झाडा. ओलं फडकं नको.

बायोसच्या सेलबद्दल सगळे सांगतात म्हणून सांगतो. सीआर 2032 नावाचा तो गोल 3 व्होल्टचा सेल संपला तर घड्याळ चुकतं आणि सुरू होताना एफ-वन दाबायला लावतं, पण मशीन पूर्ण गप्प होणं क्वचित. स्वस्त आहे, 2019 चा असेल तर बदलाच, फक्त त्याच्यावर आशा ठेवू नका. आणि सेल काढलात, म्हणजे बायोस रीसेट झाला, तर बिटलॉकर असलेल्या मशीनवर तीच 48 आकडी की मागितली जाऊ शकते.

हे सगळं होऊनही जांभळी ठीक, पिना जोडल्या तरी हिरवी हलत नाही, बोर्डाला प्रोसेसर आणि एका रॅमशिवाय काही जोडलेलं नाही, अशी अवस्था असेल तर मीही म्हणेन की बोर्ड गेला. तेव्हाही अकरा हजारांचा हिशोब तपासून बघा. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला 300 मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो, एच 310, बी 360 वगैरे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डाचं सॉकेट अगदी तसंच दिसतं, प्रोसेसर बसतोही, पण चालत नाही. योग्य बोर्ड आता कंपन्यांकडून नवा मिळणं अवघड झालंय, त्यामुळे जुना दुरुस्त केलेला किंवा अनोळखी ब्रँडचा पुढे केला जातो. तो घेतला तर वॉरंटी किती आणि कोणाची हे बिलावर लिहून घ्या. चिप लेव्हलचं काम करणारा, म्हणजे बोर्डावरचा बिघडलेला सुटा भाग बदलणारा, चांगला कारागीर मिळाला तर तुमचाच बोर्ड दुरुस्त करून घेणं मी पसंत करेन. आणि हे सगळं अकरा हजारांच्या जवळ जाऊ लागलं तर ते पैसे नव्या मशीनमध्ये घालणं शहाणपणाचं, इथे दुकानदाराशी माझं जमतं.

पण दोष एसएमपीएसचाच निघाला, आणि मला तसंच वाटतंय, तर मशीन अजिबात टाकू नका. चौथ्या-पाचव्या पिढीचं असतं तर मी वेगळं बोललो असतो, कारण विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि त्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 अधिकृतपणे चालवू देत नाही. आठवी पिढी मात्र त्यांच्या यादीत आहे. टॅली, जीएसटीचं पोर्टल, थोडं एक्सेल, एवढ्याला हा आय-थ्री अजून पुरे आहे, डिस्कच्या जागी एसएसडी नसेल तर ती तेवढी घाला. एसएमपीएस घेताना कॅबिनेटसोबत फुकट येतो तसला घेऊ नका. त्यावर 450 वॅट छापलेलं असतं आणि हातात घेतला की पोकळ लागतो. तुमच्या मशीनला दीडशे वॅटही लागत नाहीत, त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे न लागता नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवतो याची खूण), तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. असा साधारण अडीच ते साडेतीन हजारांत बसतो.

मीटर घेऊन बसायची तयारी नसेल तर कॅबिनेट दुकानात न्या, पण ठेवून येऊ नका. समोर उभं राहून एवढंच सांगा की तुमच्याकडचा चालू एसएमपीएस लावून दाखवा. प्रत्येक दुकानात टेस्टिंगचा एक असतोच. 24 पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा, एवढे दोन लावले की पुरे. मशीन उठलं तर बोर्डाचा विषय तिथेच संपतो. नकार मिळाला तर दुसरं दुकान गाठा, नाशकात दुकानांना तोटा नाही.

दुरुस्त झाल्यावर अर्थिंग बघून घ्या. चालू कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तिसऱ्या पिनला जमीन मिळत नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून निम्मं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे, पत्र्यावर येऊन बसतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून माणसाला इजा होत नाही, पण तेच व्होल्टेज यूएसबीने प्रिंटरमध्ये, केबलने मॉनिटरमध्ये फिरत राहतं आणि पोर्ट जाळतं. जुन्या रो-हाउसमध्ये अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेलेला असतो आणि उन्हाळ्यात त्यात कोणी पाणी घालत नाही. वायरमनला फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असं दोन्ही मोजायला सांगा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आणि रात्री शटडाउन केल्यावर भिंतीचंही बटण बंद करायची सवय लावा, निदान जून ते सप्टेंबर.

मोजलंत तर मला जांभळ्या तारेवरचा आकडा कनेक्टर लावून किती आणि काढून किती ते कळवा, हिरवी बटण दाबल्यावर हलते का ते सांगा, आणि एसएमपीएसच्या लेबलवरची 12 व्होल्टच्या रकान्यातली अँपिअर लिहा. शेजाऱ्यांचं काय झालं तेही विचारून ठेवा.